थोरलीचे डोळे

त्या घरात गाडी आधी आली आणि काकू नंतर. अंतर जेमतेम वर्षाचं, पण तेवढं पुरेसं होतं. लग्न होऊन काकूंनी अंगणात पाऊल टाकलं तेव्हा पत्र्याच्या छपराखाली ती उभी होती. गोल टपोरे दिवे, फुगीर मडगार्ड, पुढे चकचकीत बंपर. आणि नवरदेव बायकोला घर दाखवायचं सोडून आधी गाडीचं बॉनेट उघडून दाखवत होते. काकूंनी उभ्याउभ्या तिचं बारसं उरकलं. "ही थोरली," त्या म्हणाल्या, "आणि मी धाकटी." नवरदेव हसले. त्यांना वाटलं थट्टा आहे. थट्टा होतीच, पण सगळीच नव्हती.

नवरा शाळेत भाषा शिकवायचा, म्हणून सगळ्या गल्लीचे ते सर. वर्गात त्यांचा एकच धोशा असे, "पाठ केलंस, छान. आता अर्थ सांग." पोरं कंटाळून त्यांना पाठीमागे अर्थमंत्री म्हणत. सरांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. शाळा सुटली की मात्र अर्थमंत्री हाताला काळं फासून थोरलीच्या पोटात डोकं घालून बसत. काकू खिडकीशी शिवणयंत्रावर लोकांचे कपडे शिवत आणि मधून मधून बाहेर आवाज टाकत, "जेवायला यायचं की तिथेच ताट पाठवू दोघांचं?"

गाडीला नवा रंग द्यायची कल्पना काकूंचीच. सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, थोरलीच्या अंगावर ठिकठिकाणी पापुद्रे सुटले होते, आणि काकूंना ते बघवेना. "सवतीला नवे कपडे मी केले, म्हणजे माझं मन केवढं बघा," असं त्या येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत. रंगाऱ्याने दिवे, बंपर, आरसे सगळं उतरवलं, गडद निळा रंग मारला आणि सगळं पुन्हा जागच्या जागी बसवलं. थोरली अशी दिसू लागली की रस्त्याने जाणारा क्षणभर थांबून बघे.

आणि नेमकं तेव्हापासून तिचे डोळे बिघडले. पुढचे दिवे लावले की उजवा लख्ख आणि डावा पेंगुळलेला. डाव्या बाजूचा इंडिकेटर लावला तर तो धड लुकलुकत नसे, शेजारचा छोटा दिवाच मिणमिण करत राही. कधी पुढचे दिवे लावले की इंडिकेटर आपणहून मंद उजळे. एकाला हाक मारावी आणि दुसऱ्याने ओ द्यावी, असा सगळा कारभार. सरांनी बल्ब बदलले, फ्यूज बदलले, बटण उघडून साफ केलं. थोरली काही ऐकेना. सर जेवताना पोळीचा तुकडा हातात धरून तसेच बसून राहत, आणि काकूंना कळे की हे ताटावर नाहीत, अंगणात आहेत.

मग एके दिवशी सकाळी अंगणातून आरोळी आली, "अगं, सापडलं गं!"

"सापडलं ना? मग या आता, चहा निवतोय," काकूंनी मशीन न थांबवता उत्तर दिलं.

चहा निवला तरी सर आले नाहीत. काकू बघायला गेल्या तर सर डाव्या मडगार्डला टेकून खाली बसले होते. स्क्रूड्रायव्हर मांडीवर पडला होता, तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, आणि ते काकूंकडे असं बघत होते की जणू काहीतरी सांगायचं आहे आणि सांगायचं कसं तेच विसरलं आहे.

डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं. उजवा हात आणि पाय लुळा पडला होता, वाचा गेली होती. पण कळत सगळं होतं. व्यायाम केला तर पाय सुधारेल, बोलणंही परत येईल, मात्र हे पहिले महिनेच काय ते कामाचे. काकूंनी मान डोलावली आणि त्या सरांच्या तोंडाजवळ कान नेऊन बसल्या. कधीतरी पहिला शब्द येईल, बहुधा आपलं नाव येईल, निदान 'पाणी' तरी येईल, असं त्यांना वाटत होतं. आले ते दोन शब्द. सरांनी सगळा जीव गोळा केला आणि म्हणाले, "अर्थ... नाही."

काकूंनी त्यांचा लुळा हात आपल्या मांडीवर घेतला.

घरी आणल्यावरही तेच. खिडकीजवळ पलंग टाकला, उशाशी पाण्याचं भांडं ठेवलं, भिंतीला वॉकर लावून ठेवला. वॉकरच्या मुठींवरचं प्लास्टिकही अजून निघालं नव्हतं, कारण सर त्याला हात लावत नव्हते. कोणीही काहीही विचारलं की उत्तर एकच, "अर्थ नाही." शाळेचे जुने हेडमास्तर भेटायला आले. त्यांनी ते दोन शब्द ऐकले आणि डोळे पुसत काकूंना म्हणाले, "बघा वहिनी, आयुष्यभर लोकांना अर्थ विचारला, आणि शेवटी अख्ख्या जगण्याचं सार दोन शब्दांत सांगितलं हो सरांनी!" हे ऐकून सरांनी डावा हात पलंगावर दाणकन आपटला. "किती आतून येतंय!" हेडमास्तर म्हणाले, आणि चहा घेऊन गेले.

कधी सर डाव्या हाताने खिडकीकडे बोट दाखवत. काकूंना वाटे उजेडाचा त्रास होतोय, त्या पडदा ओढून घेत. मग सर डोळे मिटत आणि भिंतीकडे तोंड फिरवत. काकू स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडत, म्हणजे आवाज बाहेर जाऊ नये.

बोलणं शिकवायला एक बाई येई. काकू तिला मास्तरीण म्हणत. ती चित्रं काढून दाखवायची. हे घर. हे झाड. हा कप. "सर, हे काय आहे?" सर चित्राकडे बघतसुद्धा नसत. "अर्थ नाही," म्हणत आणि खिडकीकडे हात करत. शेवटी मास्तरणीने काकूंना स्वयंपाकघरात बोलावून घेतलं.

"काकू, जीभ वळवायला मी शिकवू शकते," ती हळू आवाजात म्हणाली. "पण माणसालाच बोलायचं नसेल तर मी काय करणार? सोमवारी एकदा बघू. नाही जमलं तर थांबू या. उगाच त्यांना छळल्यासारखं होतं."

काकू हो म्हणाल्या. मास्तरीण थांबली म्हणजे संपलंच. उरलेला जन्म हा माणूस भिंतीकडे बघून तेच दोन शब्द म्हणत राहणार. काकूंना आता देवाकडे फार काही मागायचं नव्हतं. यांच्या तोंडून दुसरा एखादा शब्द यावा, एवढंच. शिवी दिली असती तरी त्यांनी गोड मानून घेतली असती.

अशातच मुलाचा फोन आला. मुलगा दुसऱ्या शहरात कॉम्प्युटरवर काम करायचा आणि आईबापाची काळजी फोनवरून जितकी करता येते तितकी मनापासून करायचा. "आई, जुन्या गाड्या जमवणारे एक जण आहेत. चांगले आहेत, नीट सांभाळतील. रविवारी बघायला येतील. बाबांना आता गाडी कशाला? तुलाही ती बघून त्रासच होतो."

काकूंनी सरांना विचारलं. कितीही झालं तरी थोरली त्यांची. "अहो, गाडी देऊन टाकायची का? मुलगा म्हणतोय."

सर डाव्या कोपरावर रेटून अर्धे उठले. कपाळावरची शीर तटतटली. "अर्थ नाही! अर्थ नाही! अर्थ..."

"बरं बरं, नका त्रास करून घेऊ," काकूंनी त्यांना निजवलं. आता ठेवण्यात अर्थ नाही, असाच त्यांनी त्याचा अर्थ लावला आणि मुलाला हो कळवून टाकलं.

घेणाऱ्याचं म्हणणं एवढंच होतं की दिवे चालू हवेत. काकूंनी कोपऱ्यावरच्या गॅरेजमधल्या वायरमनला बोलावलं. त्याने बॉनेट उघडलं, दोन-तीन वायरी ओढून बघितल्या आणि मान हलवली. "जुनं झालंय सगळं. पूर्ण वायरिंग बदलावं लागेल. गाडी माझ्याकडे टाका, महिनाभर लागेल."

"एक टाका उसवला म्हणून अख्खा सदरा नव्याने शिवायचा?" काकू म्हणाल्या.

"गाडी म्हणजे सदरा नाही, काकू."

"असं कसं? दोन्हीत धागाच असतो," असं म्हणून काकूंनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

नंतर त्या कितीतरी वेळ थोरलीपुढे उभ्या राहिल्या. राग आला होता. तिचाही, स्वतःचाही. इतकी वर्षं आपण हिला सवत म्हणून घालूनपाडून बोललो, पण हिला आंधळी करून दुसऱ्याच्या घरी धाडायचं हे काही बरं नाही, असं त्यांना वाटलं. आणि त्याहून आत एक गोष्ट सलत होती. 'सापडलं गं,' हे म्हणाले होते. काय सापडलं होतं? या माणसाने बोललेलं शेवटचं धड वाक्य ते, आणि त्याचं उत्तर या डाव्या दिव्याच्या आसपास कुठेतरी पडलेलं होतं. ते हाती लागलं, दिवे लागले, तर कदाचित हे खिडकीतून एकदा बघतील. एकदा बघितलं तरी खूप झालं.

काकूंनी पदर खोचला, कपडे मापायची टेप गळ्यात होतीच, कात्री टेपला लटकत होतीच. त्या कामाला लागल्या.

मुलाला फोन लावून त्यांनी तो स्पीकरवर बॉनेटवर ठेवला. आई गाडी दुरुस्त करतेय हे ऐकून मुलगा आधी हसला, मग घाबरला, मग मदतीला लागला. तो एका बाजूला इंटरनेटवर वाचत होता आणि दुसऱ्या बाजूला आईला सांगत होता. उजवा बल्ब डावीकडे लाव. लावला. तो डावीकडे गेला की तोही पेंगुळला. म्हणजे बल्ब चांगला. फ्यूज? नवा होता. "आता एक छोटा बल्ब घे, त्याला दोन वायरी जोड. एक टोक बॅटरीच्या वजा खुंटीला, दुसरं दिव्याकडे येणाऱ्या वायरीला. पेटतो का बघ." काकूंनी दोन्ही वायरींची टोकं कात्रीने सोलली. दोरा ओवण्यात जन्म गेलेला, त्यामुळे टोकं पहिल्याच खेपेला जुळली. बल्ब पेटला.

"पेटला रे!"

"म्हणजे करंट येतोय तिथपर्यंत. मग ग्राउंड बघ आई. ग्राउंड नीट आहे का, तेवढं बघ. मला मीटिंगला जायचंय."

काकूंनी वाकून थोरलीखालची जमीन बघितली. सकाळीच झाडून घेतली होती. एका बाजूला तेलाचे दोन थेंब होते, तेवढे फडक्याने पुसले.

"ग्राउंड अगदी स्वच्छ आहे," त्या उभ्या राहत म्हणाल्या.

"ओके. ग्राउंड ठीक असेल तर मग वायरमन म्हणतो तेच. वायरिंग गेलं असणार. सोड आता आई, दमू नकोस." मुलगा मीटिंगला गेला.

काकू दमल्या होत्याच. डावा दिवा मडगार्डमधून बाहेर काढलेला, वायरींवर लोंबकळत होता, निखारा विझताना दिसतो तसा तांबूस जळत होता. त्यांनी तो तळहातावर धरला. "काय गं बाई, काय दुखतंय तुझं?" त्या म्हणाल्या. एवढ्यात टेपला लटकलेली कात्री पुढे झुलली. तिचं एक पातं दिव्याच्या पाठीला टेकलं, दुसरं बंपरच्या उघड्या नटाला.

डोळे दिपतील असा झगझगीत उजेड काकूंच्या तोंडावर पडला.

त्या दचकून मागे सरल्या. कात्री सुटली, दिवा पुन्हा पेंगला. काकूंनी शेजारीपाजारी कोणी बघत नाही ना ते पाहिलं, आणि कात्री मुद्दाम टेकवली. लख्ख. काढली. मंद. पुन्हा टेकवली. लख्ख. इतकी वर्षं कापायच्या कामी आलेली कात्री आज काहीतरी जोडत होती, पण काय जोडत होती हे काकूंना सुधरेना.

गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. दुकानदार म्हातारा होता, सरांच्या ओळखीचा. इतक्या वर्षांत सरांनी घरापेक्षा जास्त गप्पा त्याच्या फळीवर कोपर टेकून मारल्या असतील. काकू कात्री घेऊनच दुकानात शिरल्या, तेव्हा तो जरा मागे झाला.

"घाबरू नका, कापत नाही," काकू म्हणाल्या, आणि घडलं ते सगळं त्यांनी धाप टाकत सांगितलं. मंद दिवा, चुकीच्या हाकेला ओ देणारा इंडिकेटर, कात्री, झगझगाट.

म्हाताऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सोपं आहे काकू. अर्थ नाही."

काकूंचा संयमच सुटला. "आता तुम्हीपण सुरू झालात? घरी एक आहेत तेवढे पुरे आहेत मला! कशाला अर्थ नाही? जगण्याला? गाडीला? आल्या-गेल्याने हेच ऐकवायचं का मला?"

"अहो, दिव्याला!" म्हातारा गडबडला. "तुमच्या डाव्या दिव्याला अर्थ नाही. म्हणजे अर्थिंग हो. वीज दिव्यापर्यंत जाते, पण तिला बॅटरीकडे परत यायला वाट लागते. गाडीचा पत्रा हीच ती वाट. तिला आम्ही अर्थ म्हणतो, कोणी ग्राउंड म्हणतात. दिव्याचा पत्र्याशी नीट स्पर्श नसला की परतीची वाट बंद. मग ती शेजारच्या दिव्यातून, इंडिकेटरमधून, मिळेल तिथून वाट काढते, आणि कोणीच धड पेटत नाही. तुमच्या कात्रीने वाट जोडली. तिथला स्क्रू काढून खालचा पत्रा घासून घेतला की झालं. सरांची वाचा गेली नसती तर त्यांनीच लगेच सांगितलं असतं. सर तर नेहमी म्हणायचे, 'वर्गात आणि गाडीत, अर्थ लागला की उजेड पडतो.' काकू? काकू, बसा, पाणी देऊ का?"

काकूंनी फळीची कड घट्ट धरली होती. त्यांच्या कानात सगळं एकदम वाजायला लागलं. हॉस्पिटलमधलं अर्थ नाही. हेडमास्तरांसमोरचं. खिडकीकडे केलेला हात, आणि खिडकीबाहेर, छपराखाली, बरोबर त्या बोटाच्या रेषेत उभी थोरली. गाडी देऊन टाकायची का? अर्थ नाही, अर्थ नाही! हा माणूस पहिल्या दिवसापासून सांगत होता. त्याचं बोलणं निघत होतं, पोचत होतं, आणि परत यायला मात्र वाट मिळत नव्हती. आणि आपण पडदे ओढून घेत होतो.

"पाणी नको," काकू म्हणाल्या. "पॉलिशपेपर द्या एक."

घरी येताना त्यांच्या पायात दुकानाच्या पायरीवर पडलेल्या, दुकानदाराच्या बायकोच्या चपला होत्या. हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं.

सर भिंतीकडे तोंड करून पडले होते. काकूंनी आधी पडदा सर्रकन बाजूला केला. मग पलंगाच्या कडेला बसल्या आणि वर्गात उभं राहून उत्तर द्यावं तशा स्पष्ट म्हणाल्या, "थोरलीच्या डाव्या दिव्याला अर्थ नाही. बरोबर?"

भिंतीकडचं डोकं हललं नाही. मग हळूहळू वळलं. सर काकूंकडे बघत राहिले. आधी विश्वास बसेना, मग ओठ थरथरले, आणि घशातून एक विचित्र आवाज आला. काकूंना वाटलं रडू फुटलं. पण ते हसू होतं. तोंड अर्धंच हलत होतं, पण हसू पूर्ण होतं. "अर्थ नाही!" ते मान हलवत म्हणाले. "अर्थ नाही, अर्थ नाही!"

"हो हो, कळलं. सगळ्या गावाला ज्ञान पाजलंत, आणि होतं काय तर एका स्क्रूची भानगड!"

सरांनी डाव्या हाताने वॉकरकडे बोट दाखवलं. काकूंनी मुठींवरचं प्लास्टिक दातांनी फाडून काढलं. दार ते अंगण अंतर ते केवढं, पण ते तुडवायला त्या दोघांना युगं लागली. उजवा पाय फरफटत होता, काकूंनी कमरेला विळखा घातला होता, सर घामाघूम झाले होते, पण थांबा म्हणून एकदाही खूण केली नाही. थोरलीसमोर खुर्ची टाकून काकूंनी त्यांना बसवलं, तेव्हा त्यांनी आधी तिच्या निळ्या मडगार्डवर तळहात ठेवला.

"पुरे, मी बघतेय," काकू म्हणाल्या. सर पुन्हा अर्धे हसले.

मग सरांनी बोट दाखवायचं आणि काकूंनी करायचं. दिव्याच्या खोबणीत आतल्या बाजूला एक काळी वायर होती. तिच्या टोकाला पितळी कडी, ती एका स्क्रूने पत्र्याला आवळलेली. वरून बघितलं तर सगळं घट्ट, नीटनेटकं. सरांनी बोटाने गोल गोल खूण केली: काढ. स्क्रू निघाला, कडी बाजूला झाली, आणि खाली दिसला गडद निळा, गुळगुळीत, सुंदर रंग. रंगाऱ्याने फारच मन लावून काम केलं होतं. स्क्रूखालची जागाही सोडली नव्हती. उजवीकडचा गंजलेला स्क्रू त्याला निघाला नसेल, म्हणून तो डोळा तेवढा वाचला.

"म्हणजे माझ्याच हौसेने हिला आंधळी केली म्हणायचं," काकू पुटपुटल्या.

सरांनी डाव्या हाताने हवेत काहीतरी उडवून लावल्यासारखं केलं. ते विषय संपला म्हणायची त्यांची जुनी रीत. बोट पुन्हा स्क्रूकडे.

काकूंनी टाके उसवायचं पातं आणलं आणि नाजूक शिवण उसवावी तसा तेवढ्याच जागेतला रंग खरवडला. निळे कण त्यांच्या मांडीवर पडत राहिले. त्यांनी हात थांबवला की सर मान हलवत: अजून. मग पॉलिशपेपर घासला. पत्रा आधी करडा दिसला, मग चमकला. सरांनी वाकून नीट पाहिलं आणि मग कुठे मान डोलावली. कडी बसवली, स्क्रू आवळला, दिवा खोबणीत गेला.

एव्हाना उन्हं उतरली होती, समोरच्या घराची भिंत राखाडी दिसत होती. काकू थोरलीच्या आत शिरल्या. जन्मात पहिल्यांदा त्या चालकाच्या जागेवर बसल्या होत्या. बटण कुठलं ते त्यांना माहीत होतं, इतक्या वेळा खिडकीतून रागाने बघितलं होतं, आणि मघाशी बाहेरून हात घालून ओढलंही होतं. त्यांनी ते ओढलं.

समोरच्या भिंतीवर दोन गोल उजेड पडले. दोन्ही सारखे, दोन्ही लख्ख. काकूंनी इंडिकेटर लावला. ज्याला हाक मारली त्यानेच ओ दिली.

आत फोन वाजायला लागला. "वाजू दे," काकू बाहेर येत म्हणाल्या. "तो रविवारचं विचारत असणार. रविवारी कोणी यायचं नाही, आणि थोरली कुठे जायची नाही. आणि सोमवारी मास्तरीण आली की तिला सांगते, बाई गं, घर-झाड-कप राहू दे, पान्हे आणि स्क्रूड्रायव्हर मांड यांच्यापुढे."

सर भिंतीवरचे दोन गोल बघत होते. काकू त्यांच्या खुर्चीशेजारी थोरलीच्या बंपरवर टेकल्या. आता बोलायची गरज नव्हती, पण त्यांना राहवेना.

"अहो, मला काय वाटलं माहिती आहे? मला वाटलं, तुम्ही जगण्यात अर्थ नाही म्हणताय. रोज सकाळी, रोज संध्याकाळी. मी तेच ऐकत होते. मी म्हटलं, यांना आता काहीच नको झालंय. मीसुद्धा."

सरांचं तोंड एकदम उतरलं. आयुष्यभर दुसऱ्यांना अर्थ विचारणाऱ्या माणसाला, आपल्या दोन शब्दांचा घरात काय अर्थ लागतोय हे सुचलंच नव्हतं. ते काकूंकडे बघत राहिले. नळ सोडून रडलेले ते डोळे त्यांना आता पहिल्यांदा नीट दिसले असावेत. त्यांच्या गालाचे स्नायू ओढले जाऊ लागले.

"अर्थ..." ते म्हणाले.

काकू पुढे वाकल्या.

"अर्थ... आ..." जीभ अडली. सरांनी डोळे मिटले, मूठ आवळली, पुन्हा सुरुवात केली. "अर्थ... आ... आहे."

तिसरा शब्द. काकूंच्या डोळ्यांतून धारा लागल्या आणि त्यांनी त्या पुसल्याही नाहीत. पण गप्प बसतील तर त्या काकू कसल्या? "कोणाला?" त्यांनी विचारलं. "थोरलीला? ते दिसतंच आहे की भिंतीवर."

सरांनी जोरात मान हलवली. नाही. मडगार्डवरचा हात काढून त्यांनी तो काकूंकडे नेला. बोटं चाचपडत काकूंच्या गळ्यातल्या टेपपर्यंत पोचली, टेप मुठीत धरली आणि स्वतःकडे ओढली. कात्री दोघांच्या मध्ये हिंदकळली.

"धा..." सर म्हणाले. घाम कानशिलावरून खाली उतरत होता. "धाक..."

"राहू द्या, उरलेलं उद्या म्हणा," काकू त्यांच्या मुठीवर आपला हात ठेवत म्हणाल्या. "कळला मला अर्थ."